राजा रविवर्मा : गौरव आणि टीका

लक्ष्मी म्हटले की कमळावर उभी असलेली, साडी नेसलेली चतुर्भुज देवी आपल्या डोळ्यांपुढे येते. हे रूप घरोघर पोहोचविणारे चित्रकार राजा रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी केरळातील किळिमानूर येथे झाला. चित्रकलेचे पहिले धडे त्यांना मामांकडून मिळाले. पुढे त्रावणकोरच्या राजाश्रयाखाली त्यांनी तैलरंगाचे पाश्चात्त्य तंत्र बरेचसे स्वप्रयत्नाने आत्मसात केले. १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला पारितोषिक मिळाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रे काढून घेतली. माणसे जिवंत वाटतात, वस्त्राची सळसळ ऐकू येते, अशी त्यांची वाहवा झाली.

पण राजवाड्यातील चित्र सामान्य माणसाला कोठून दिसणार? चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, असे तंजावरचे मराठी मुत्सद्दी दिवाण सर टी. माधवराव यांनी त्यांना सुचविले होते. १८९४ साली रविवर्मांनी मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलविला. चित्रे खपली, पण कर्ज वाढले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे असे हे उदाहरण आहे. अखेर १९०१ साली छापखाना श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्मांचे निधन झाले.

त्यानंतर वारे फिरले. स्वदेशीच्या काळात हॅवेल, कुमारस्वामी आदी समीक्षकांनी त्यांची कला परकी, नाटकी व उथळ ठरविली. ज्या हुबेहूबपणासाठी पदके मिळाली, तोच आता दोष झाला! 'कॅलेंडरसारखे चित्र' हे शब्द चित्र हिणवण्यासाठी वापरले जाऊ लागले. देव्हाऱ्यातील चित्र मात्र कोणी उतरवले नाही. १९७९ साली भारत सरकारने त्यांची चित्रे राष्ट्रीय कलानिधी ठरवून देशाबाहेर नेण्यास बंदी केली.

समीक्षकांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. काही चित्रांतील पात्रे रंगभूमीवरील नटांसारखी उभी आहेत हे खरेच. परंतु ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात प्रवेश नव्हता, त्यांच्याही घरी या छापील चित्रांतून देव आला, ही गोष्ट त्या समीक्षेच्या मापात बसली नाही. चित्राची रेषा आणि रंग जरूर तपासावेत; पण ते कोणाच्या भिंतीवर लागले आणि का लागले, हेही विचारल्याशिवाय रविवर्मांना न्याय मिळणार नाही, असे मला वाटते.