रोझालिंड फ्रँकलिन

प्राणिमात्रांचे आनुवंशिक गुण डीएनए नावाच्या ज्या सूक्ष्म धाग्यात साठविलेले असतात, त्या धाग्याचा पीळ जगाला दाखविण्यात रोझालिंड फ्रँकलिन यांचा वाटा फार मोठा आहे. २५ जुलै १९२० रोजी लंडन येथे त्यांचा जन्म झाला. केंब्रिजच्या न्यूनम महाविद्यालयात रसायनशास्त्राचे अध्ययन करून, पुढे कोळशाच्या अंतर्रचनेवरील संशोधनाबद्दल १९४५ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. क्ष-किरणांनी पदार्थाची रचना शोधण्याची विद्या त्यांनी पॅरिस येथे आत्मसात केली.

१९५१ साली त्या लंडनच्या किंग्ज महाविद्यालयात आल्या. हवेतील दमटपणा कमी-अधिक करून त्यांनी डीएनएची दोन रूपे वेगळी ओळखली. मे १९५२ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली रेमंड गॉसलिंग यांनी घेतलेल्या छायाचित्रात मळसूत्री रचनेची निदर्शक फुली स्वच्छ उमटली. त्यांचे सहकारी विल्किन्स यांनी हे छायाचित्र त्यांच्या नकळत वॉटसन यांना दाखविले. एप्रिल १९५३ मध्ये वॉटसन व क्रिक यांनी डीएनएच्या दुहेरी मळसूत्राची रचना प्रसिद्ध केली.

तोवर फ्रँकलिन बर्कबेक महाविद्यालयात जाऊन विषाणूंच्या अभ्यासात गढल्या होत्या. १९५६ साली त्यांना बीजकोशाच्या कर्करोगाने ग्रासले. तरीही त्यांनी काम थांबविले नाही. १६ एप्रिल १९५८ रोजी, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, त्या निवर्तल्या. १९६२ साली वॉटसन, क्रिक व विल्किन्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्या हयात नव्हत्या.

विद्यार्थी मित्रहो, दोन पदरी दोरीचे पदर मध्येच ओढून वेगळे करा. पुढचा पीळ आवळत जाऊन दोरी स्वतःभोवतीच वेटोळी घेते. पेशीत डीएनएची नक्कल होताना हीच अडचण उभी राहते. अशा अतिपिळाचे स्वरूप १९६५ साली जेरोम विनोग्राड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. अतिपीळ सैल करणारे विकर १९७१ साली जेम्स वँग यांनी जीवाणूत शोधले. ते धाग्याचा एक पदर क्षणभर तोडते, पीळ उतरू देते आणि तो पदर पुन्हा सांधते.

मानवी पेशीतही असे विकर असते. त्याचे सांधण्याचे काम अडविले, की वेगाने वाढणाऱ्या कर्कपेशी मरतात. या तत्त्वावरील टोपोटेकॅन हे औषध १९९६ साली अमेरिकेत मान्य झाले, ते बीजकोशाच्या कर्करोगासाठीच. ज्या व्याधीने फ्रँकलिन यांना नेले, तिच्यावरचा एक उपाय त्यांनी न्याहाळलेल्या पिळाच्या ज्ञानातूनच पुढे लाभला.