मिकी मँटल : खालच्या संघात पाठवलेल्या मुलाची गोष्ट



आज आपण एका परदेशी खेळाडूच्या जीवनाची ओळख करून घेणार आहोत. खेळ आहे बेसबॉल. आपल्याकडे हा खेळ फारसा खेळला जात नाही. त्यामुळे हे चरित्र आपल्याला काय कामाचं, असं तुम्हाला वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा. तुमच्या वर्गात किंवा घरात एखादं मूल आजारपणामुळे मागे पडलं असेल, तर ही गोष्ट तुमच्यासाठीच आहे.

जन्म व बालपण

मिकी मँटल यांचा जन्म २० ऑक्टोबर १९३१ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात स्पॅव्हिनॉ या छोट्या गावी झाला. पुढे हे कुटुंब त्याच राज्यातील कॉमर्स या गावी राहायला गेलं. हा भाग शिसे आणि जस्ताच्या खाणींचा. वडील एल्विन मँटल, ज्यांना सगळे मट म्हणत, खाणीत काम करायचे. दिवसभर जमिनीखाली राबायचं, धूळ खायची आणि संध्याकाळी घरी यायचं, असं त्यांचं आयुष्य.

वडिलांना बेसबॉलचं प्रचंड वेड. इतकं, की मिकी कोकरेन या त्या काळच्या प्रसिद्ध खेळाडूचंच नाव त्यांनी मुलाला ठेवलं. कामावरून आले की वडील आणि आजोबा मिळून छोट्या मिकीला चेंडू टाकायचे. वडील उजव्या हाताने टाकायचे, आजोबा डाव्या हाताने. समोर वडील असले की मिकीने डावखुरं खेळायचं आणि आजोबा असले की उजव्या बाजूने. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सारख्याच ताकदीने खेळणारा फलंदाज तयार झाला.

आता बघा, यात वडिलांचं प्रेम आहे, कष्ट आहेत. पण स्वतःचं राहिलेलं स्वप्न मुलाच्या खांद्यावर ठेवणंही आहे. हे दोन्ही लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एक लाथ आणि हाडाचा आजार

१९४६ साली मिकी हायस्कूलमध्ये होता. अमेरिकन फुटबॉलचा सराव चालू असताना कोणाची तरी लाथ त्याच्या डाव्या नडगीवर बसली. खेळताना असं होतंच, पण हे दुखणं साधं नव्हतं. घोट्याजवळ सूज आली, ताप चढला. हाडात जंतुसंसर्ग झाला होता. या आजाराला ऑस्टिओमायलायटिस म्हणतात. पाय कापावा लागेल, इथपर्यंत वेळ आली.

आई-वडिलांनी त्याला ओक्लाहोमा सिटीच्या मुलांच्या रुग्णालयात नेलं. त्या वेळी पेनिसिलिन हे औषध नुकतंच सर्वसामान्यांना मिळू लागलं होतं. त्या औषधाने मिकीचा पाय वाचला. हीच घटना काही वर्षं आधी घडली असती तर पुढची गोष्टच नव्हती. (विज्ञानाच्या तासाला प्रतिजैविकं शिकवताना हे उदाहरण जरूर सांगा. मुलं कान देऊन ऐकतात.)

पाय वाचला, पण आजार पुरता गेला नाही. तो अधूनमधून डोकं वर काढत राहिला.

मोठ्या संघात प्रवेश

पुढचं समजण्यासाठी बेसबॉलची रचना थोडक्यात सांगते. अमेरिकेत सर्वात वरच्या पातळीला मेजर लीग म्हणतात. तिच्याखाली अनेक पायऱ्या असतात, त्यांना मायनर लीग म्हणतात. मोठे संघ तरुण मुलांना आधी तिथे खेळवतात आणि तयार झाला की वर बोलावतात. वर जमलं नाही, दुखापत झाली, की परत खाली पाठवतात. आपल्याकडे भारतीय संघातून वगळलेला खेळाडू परत रणजी खेळायला जातो, साधारण तसंच.

१९४९ साली न्यूयॉर्क यांकीज या नामांकित संघाने मिकीला करारबद्ध केलं. सुरुवात अगदी तळाच्या पायरीवरून झाली. १९५० साली जॉपलिन गावच्या संघाकडून खेळताना त्याची सरासरी .३८३ होती. बेसबॉलमध्ये दहा प्रयत्नांत तीन वेळा चेंडू नीट मारता आला तरी तो चांगला फलंदाज मानतात. यावरून .३८३ म्हणजे काय ते समजून घ्या.

१९५१ च्या सराव शिबिरात तो असा काही खेळला की मधल्या पायऱ्या ओलांडून थेट मेजर लीगमध्ये गेला. वय अवघं १९. १७ एप्रिल १९५१ रोजी तो यांकीजकडून पहिला सामना खेळला. पाठीवर आकडा दिला ६. यांकीजचे ३, ४ आणि ५ हे आकडे बेब रूथ, लू गेरिग आणि जो डिमॅजिओ या दिग्गजांचे. पुढचा तूच, असं न बोलता सांगितल्यासारखंच ते होतं. खाणकामगाराच्या मुलावर केवढं हे ओझं!

त्यात आणखी एक गोष्ट. तेव्हा कोरियाचं युद्ध चालू होतं. हाडाच्या आजारामुळे लष्कराने मिकीला सैन्यासाठी अपात्र ठरवलं. लोकांना तो धावताना दिसायचा, आतलं हाड दिसायचं नाही. मैदानातून त्याला पळपुटा म्हणून हिणवलं जाई. न दिसणाऱ्या आजाराचं हे असंच असतं. आपल्या वर्गातही आपण किती मुलांना आळशी म्हणतो, आणि नंतर कळतं की पोरगं आजारी होतं.

खाली पाठवणी

हळूहळू त्याचा खेळ बिघडला. चेंडू हुकायला लागले. बाद झाला की तो चिडायचा, रडकुंडीला यायचा. जुलै १९५१ मध्ये यांकीजचे मॅनेजर केसी स्टेंगल यांनी त्याला मायनर लीगमधल्या कॅन्सस सिटी ब्लूज या संघात पाठवलं. हेतू वाईट नव्हता. तिथे दडपण कमी, गर्दी कमी. आत्मविश्वास परत आला की वर बोलवायचं, असा विचार होता.

पण १९ वर्षांच्या मुलाला ते कसं वाटलं असेल? त्याला एवढंच कळलं, की आपण नापास झालो.

कॅन्सस सिटीत पहिल्याच वेळी त्याने बंट केलं. म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच ढकलला आणि पळत पहिला टप्पा गाठला. त्याला वाटलं, चला, एक तरी जमलं. पण तिथल्या मॅनेजरांनी समजावलं, की तुला इथे बंट करायला पाठवलेलं नाही, बॅट मोकळी फिरवायला पाठवलंय. झालं! पोरगं आणखीनच कोमेजलं. त्यानंतरच्या वीसेक प्रयत्नांत त्याला एकदाही यश आलं नाही.

मला चरित्रातला हा भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो. घाबरलेलं मूल चूक होणार नाही असं, सोपं तेवढंच करतं. हातचा कागद झाकून ठेवतं, येणारीच गणितं पुन्हा पुन्हा सोडवतं. आपल्याला वाटतं, शिकत नाही. खरं तर त्याला चुकायची भीती बसलेली असते.

हॉटेलची खोली

शेवटी मिकीने वडिलांना फोन केला. आता माझ्याच्याने होत नाही, असं सांगितलं. वडील गाडी काढून कॅन्सस सिटीला आले. मिकीला वाटलं, बाबा पाठीवर हात फिरवतील. पण वडील खोलीत शिरले आणि त्याचे कपडे बॅगेत भरू लागले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की मला वाटलं मी पुरुष वाढवला, तू तर भित्रा निघालास. चल घरी, माझ्याबरोबर खाणीत काम कर.

मिकी हादरला. अजून एक संधी द्या म्हणून त्याने विनवलं. वडील परत गेले. त्यानंतर त्याची बॅट अशी चालली की कॅन्सस सिटीकडून ४० सामन्यांत .३६१ ची सरासरी, ११ होमरन आणि संघासाठी मिळवून दिलेल्या ५० धावा, अशी त्याची नोंद झाली. ऑगस्ट संपण्याआधीच यांकीजने त्याला परत बोलावलं. या वेळी आकडा मिळाला ७. पुढे हाच आकडा त्याची ओळख बनला.

वडील आणि मुलगा एकाच खोलीत

त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात विली मेज याने उंच मारलेला चेंडू पकडायला मिकी धावला. डिमॅजिओ यांना वाट द्यायला तो थबकला आणि मैदानातल्या पाण्याच्या निचऱ्याच्या झाकणात त्याचा बूट अडकला. उजवा गुडघा गेला.

रुग्णालयात जाण्यासाठी टॅक्सीतून उतरताना त्याने आधारासाठी वडिलांच्या खांद्यावर भार दिला, तर वडीलच खाली कोसळले. दोघांनाही दाखल केलं. उरलेले सामने बाप-लेकाने एकाच खोलीत पडून टीव्हीवर पाहिले. वडिलांना हॉजकिन्स हा कर्करोग झाला होता. मे १९५२ मध्ये वयाच्या चाळिशीतच ते गेले. मिकी तेव्हा फक्त २० वर्षांचा होता.

यश, आणि त्याच्यामागचं

पुढची कारकीर्द थोडक्यात सांगते. १८ हंगाम एकाच संघाकडून, २४०१ सामने, ५३६ होमरन. १९५६ साली सरासरी, होमरन आणि मिळवून दिलेल्या धावा या तिन्हींत तो पहिला आला. तीन वेळा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला. यांकीजबरोबर सात वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली. त्या स्पर्धेतला त्याचा १८ होमरनचा विक्रम अजून अबाधित आहे. १९७४ साली त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. आणि हे सगळं दुखऱ्या पायांवर, पट्ट्या बांधून.

पण इथे थांबलो तर ते अर्धंच चरित्र होईल. घरातले पुरुष लवकर जातात, आपणही जाणार, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. दारूचं व्यसन लागलं आणि ते वर्षानुवर्षं टिकलं. घरच्यांनाही त्याची झळ बसली. १९९४ मध्ये त्याने उपचार घेऊन दारू सोडली, पण यकृत खराब झालं होतं. जून १९९५ मध्ये यकृत प्रत्यारोपण झालं. त्यानंतर पत्रकारांसमोर येऊन त्याने मुलांना सांगितलं, की माझ्यासारखे होऊ नका. लोकांना अवयवदानाचं आवाहनही केलं. १३ ऑगस्ट १९९५ रोजी वयाच्या ६३ व्या वर्षी त्याचं निधन झालं. ज्याला सगळा देश आदर्श मानत होता त्याने असं बोलायला केवढं धैर्य लागलं असेल!

आपण यातून काय घ्यायचं?

अनेकजण ही हॉटेलची गोष्ट सांगून निष्कर्ष काढतात, की मुलांशी कठोर वागा, मग ती सुधारतात. मला हे पटत नाही. का ते सांगते.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. हात मोडून दीड-दोन महिने घरी होता. परत आल्यावर वाचन अडखळायला लागलं म्हणून मी त्याला खालच्या स्तराच्या गटात बसवलं. पद्धत म्हणून ते बरोबरच होतं. पण का बसवलं, किती दिवस बसवलं, काय जमलं की परत जायचं, यातलं काहीच मी त्याला सांगितलं नाही. तो बोलायचाच बंद झाला. वडील शाळेत आले आणि त्याच्यासमोरच म्हणाले, बाई, याला शिकून काय करायचंय, उद्यापासून माझ्यासोबत वीटभट्टीवर येऊ द्या. ते पोरगं मान खाली घालून उभं होतं. मिकीसारखी एक संधी मागायचं बळ त्याच्यात नव्हतं. वडिलांना मी कसंबसं थांबवलं. पण खरी चूक माझी होती. मी त्याला खाली पाठवलं, पण वर यायची वाट दाखवली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला जवळ बसवून सगळं समजावलं. परिच्छेद न अडखळता वाचलास की त्याच दिवशी जुन्या जागेवर, असं ठरलं. त्याला तीन आठवडे लागले.

म्हणून मुलाला मागच्या गटात बसवताना, संघातून वगळताना किंवा एखाद्या स्पर्धेला न पाठवताना चार गोष्टी नक्की करा:

१. कारण त्याला स्वतः सांगा, एकट्याला सांगा.
२. तिथे नेमकं काय करायचं ते सांगा. नाहीतर मिकीने बंट केलं तसं मूल सोपं काहीतरी करत बसतं.
३. परत कधी आणि कसं यायचं ते ठरवा.
४. अधूनमधून त्याच्याजवळ जाऊन बसा.

आणि पालकहो, मटकडून एक गोष्ट जरूर घ्या. मुलाचा फोन आला तेव्हा ते गाडी काढून स्वतः गेले. ते जाणं घ्या. बॅग भरणं त्यांच्याकडेच राहू द्या. मिकीने त्या धक्क्याचं सोनं केलं, पण प्रत्येक मूल करेलच असं नाही.

तुमच्या वर्गात आत्ता असं कोणी खालच्या गटात बसलं असेल, तर उद्या परिपाठ झाल्यावर त्याला विचारा, तू इथे का बसला आहेस हे तुला माहीत आहे का? त्याचं उत्तर शांतपणे ऐका.