कोटितीर्थाचे चित्रकार

कोल्हापुरात कोटितीर्थ नावाचा एक तलाव आहे. त्याच्या काठी महादेवाचे देऊळ आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या तलावाजवळ आबालाल रहिमान नावाचे एक थोर चित्रकार राहत असत. पहाटेचे धुके, दुपारचे ऊन, सायंकाळची लाली, पावसाळी आभाळ अशा निरनिराळ्या वेळी त्यांनी तेच पाणी पुनःपुन्हा रंगविले.

त्यांचे संपूर्ण नाव अब्दुल अजीज रहिमान. त्यांचा जन्म सुमारे १८६० साली कोल्हापुरात झाला. कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करून त्या वेलबुट्टीने सजविण्याची परंपरा त्यांच्या घराण्यात होती. वळणदार अक्षर आणि नाजूक नक्षी पाहतच हा मुलगा वाढला. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांनी पाश्चात्त्य पद्धतीच्या चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि १८८८ साली व्हाइसरॉयचे पदक मिळविले. मुंबईत राहते, तर धनिकांची व्यक्तिचित्रे काढून त्यांना पुष्कळ पैसा मिळविता आला असता. परंतु ते आपल्या गावी परतले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार नेमले. महाराजांच्या शिकारीचे प्रसंगही त्यांनी रंगविले. पण त्यांचे मन खरे रमले ते निसर्गात, आणि त्यातही पाण्यात.

पाण्यातील प्रतिबिंब काढणे वरवर सोपे वाटते. झाड काढावे आणि तेच खाली उलटे काढावे, झाले! पण पाणी इतके भोळे नसते. कर्जतजवळच्या पळसदरीच्या तलावाकाठी निवांत उभे राहून पाहिले, तर हे कोणाच्याही ध्यानात येईल. पाण्यावर ओणवलेल्या फांदीची आपल्याला वरची बाजू दिसते, तर पाण्यात तिची खालची बाजू दिसते. काठावरचा उजळ दगड पाण्यात किंचित काळवंडतो आणि गर्द झाडी थोडी फिकी होते. वाऱ्याची झुळूक आली की प्रतिबिंब उभे लांबते व आडव्या तुकड्यांत मोडते. जलरंगात ते रंगविणे तर फारच अवघड. कारण कागद ओला आहे तोवरच रंग एकमेकांत मिसळतात, आणि पाण्यावरची चकाकी दाखवायची, तर तेवढा कागद कोराच राखावा लागतो. हे सारे हातात बसायला पाण्याची वर्षानुवर्षांची सोबतच हवी.

आबालालांनी ती केली. कोटितीर्थाप्रमाणेच रंकाळा तलावही त्यांचा आवडता होता. रंकाळ्यातील संध्यामठ ही दगडी वास्तू पावसाळ्यात पाण्यात बुडते आणि पाणी ओसरले की पुन्हा वर येते. तिचे त्यांनी काढलेले चित्र विशेष प्रसिद्ध आहे. काही चित्रांत रंग न कालवता त्यांचे सुटे सुटे ठिपके त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. दुरून पाहिले की तेच ठिपके एकजीव होऊन प्रकाश झळकू लागतो. याच काळात दूर फ्रान्समध्ये क्लॉद मोने हा चित्रकार आपल्या बागेतील तळे असेच पुनःपुन्हा रंगवीत होता.

कीर्तीचा किंवा पैशाचा हव्यास आबालालांना नव्हता. त्यांची राहणी अगदी साधी असे. विकतचे रंग संपले की पाला, फुले यांपासून ते स्वतः रंग तयार करीत, असे सांगतात.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज निवर्तले. आपला आश्रयदाता आणि खरा रसिक गेल्याचा आबालालांच्या मनावर मोठा आघात झाला. त्या दुःखाच्या भरात त्यांनी आपली असंख्य चित्रे पाण्यात सोडून दिली, अशी हकीकत कोल्हापुरात सांगतात. ज्या पाण्याने चित्रे दिली, त्यानेच ती परत घेतली. किती अमोल ठेवा त्यात गेला असेल!

२८ डिसेंबर १९३१ रोजी आबालालांचे निधन झाले. त्यांची जी थोडी चित्रे उरली, त्यांपैकी काही कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतात.