हुन्नर आमचे, हक्क कोणाचा?

गावाचा विकास म्हटला की रस्ता आणि समाजमंदिर एवढेच पुढाऱ्यांना सुचते. गावातले हुन्नर कोणाचे आणि चावडीवर बसायचे कोणी, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी तो शंभर वर्षांपूर्वी सोडवायला घेतला होता.

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी कारभार हाती घेतला. १८९५ साली शाहूपुरी ही गुळाची पेठ वसवली, १९०६ साली कापडगिरणीचा पाया घातला, अल्लादियाखाँसारख्या कलावंतांना आश्रय दिला. २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांना नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या.

खरी क्रांती १९१८ ची. महारवतन म्हणजे जमिनीच्या तुकड्यावर पिढ्यान्‌पिढ्यांची वेठबिगारी. महाराजांनी ते रद्द केले आणि जमिनी कसणाऱ्यांच्या नावे रयतावा केल्या. कुलकर्णी वतने काढून पगारी तलाठी नेमले आणि त्यात अस्पृश्यांनाही घेतले. ज्याला चावडीबाहेर उभे केले जाई, त्याच्याच हाती दप्तर आले. अस्पृश्यांना वकिलीच्या सनदा दिल्या. गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढून दिले आणि स्वतः तिथे चहा घेतला. १९२० च्या माणगाव परिषदेत त्यांनी बाबासाहेबांचे नेतृत्व समाजापुढे ठेवले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक मांडले. तरीही कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात आला तो १९५८ साली, कोल्हापूरनंतर चाळीस वर्षांनी!

आज त्याच मातीतल्या कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. तरीही २०२५ साली इटलीच्या प्राडा कंपनीने तशीच चप्पल कारागिरांचे नावही न घेता मिरवली. आरडाओरड झाली, तेव्हा कबुली आली. कागदावरचा हक्क आपोआप पदरात पडत नाही, तो बजावावा लागतो. १९९३ पासून पंचायतीत आपल्या राखीव जागा आहेत. पण राखीव सरपंच सहीपुरता आणि कारागीर मजुरीपुरता उरला, तर वतनदारी फक्त नाव बदलून परतली असेच म्हणावे लागेल. म्हणून ग्रामसभेत उभे राहा, हिशेब मागा, कारागिरांच्या सहकारी संस्था काढा आणि त्या स्वतः चालवा. शाहूरायांना खरे अभिवादन तेच!