प्रोफेसरची मानाची नोकरी सोडून दादाभाई नौरोजींनी लंडनची बोट का पकडली?

हातात चांगल्या पगाराची नोकरी आहे. समाजात मान आहे. घरी आई आहे, बायको आहे. आणि अशात परदेशातून एक संधी येते. जावं की राहावं?

हा प्रश्न आज आयटीतल्या पोरांना पडतो, डॉक्टरांना पडतो, नर्सेसना पडतो. पण पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका २९ वर्षांच्या प्रोफेसरलाही तो पडला होता.

त्यांचं नाव दादाभाई नौरोजी.

शाळेच्या पुस्तकात आपण त्यांच्याबद्दल दोनच गोष्टी वाचलेल्या असतात. एक म्हणजे भारताचे पितामह आणि दुसरी म्हणजे संपत्तीच्या अपहरणाचा सिद्धांत. पण या दोन्ही गोष्टींच्या आधी त्यांनी एक निर्णय घेतला होता, आणि तेव्हा तो बऱ्याच जणांना वेडेपणाच वाटला असणार.

त्या निर्णयाची ही गोष्ट.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ चा. घराणं पारशी पुरोहितांचं, पण परिस्थिती बेताची. दादाभाई चार वर्षांचे असताना वडील गेले. आई माणेकबाई स्वतः शिकलेल्या नव्हत्या, तरी पोराने शिकलंच पाहिजे यावर त्या ठाम होत्या. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही, एकटीने मुलाला वाढवलं. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे अकराव्या वर्षी दादाभाईंचं लग्नही झालं. नवरी गुलबाई सात वर्षांची.

फी भरायची ऐपत नव्हती, पण सुदैवाने शिक्षण मोफत होतं. या मोफत शिक्षणाची जाणीव दादाभाईंना आयुष्यभर राहिली. आपण लोकांच्या पैशावर शिकलो, तर ते ऋण लोकांना परत केलं पाहिजे, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. पुढचा सगळा हिशोब कळायला ही एक गोष्ट लक्षात ठेवा.

पहिली संधी आली, पण हुकली

परदेशी जायची पहिली संधी दादाभाईंना विशीतच आली होती. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ते सगळ्यात हुशार विद्यार्थ्यांपैकी एक होते. मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायाधीश सर अर्स्किन पेरी शिक्षण मंडळाचंही काम बघायचे. हा मुलगा इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाला पाहिजे, असं त्यांच्या मनात आलं. निम्मा खर्च ते स्वतः द्यायला तयार होते. उरलेला निम्मा पारशी समाजातल्या धनिकांनी उचलावा, एवढीच त्यांची अट होती.

धनिकांकडे पैसा होता. पण मनात भीतीही होती.

झालं असं होतं की १८३९ मध्ये मुंबईत दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि सगळा समाज हादरला. हा पोरगा विलायतेला गेला आणि तिकडेच धर्म बदलून बसला तर काय, असा प्रश्न वडीलधाऱ्यांना पडला. त्यांनी नकार दिला आणि बेत बारगळला.

दादाभाई मुंबईतच राहिले आणि आपल्याच संस्थेत शिकवायला लागले.

नोकरी तरी कसली होती?

दादाभाईंनी काय सोडलं हे समजायचं असेल, तर त्या खुर्चीची किंमत आधी समजून घेतली पाहिजे.

एल्फिन्स्टनमध्ये भारतीय माणूस शिकवत होता, यात तसं नवल नव्हतं. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी तिथे सहायक प्राध्यापक म्हणून काम केलं होतं. पण पूर्ण प्राध्यापकाची खुर्ची मात्र गोऱ्यांचीच. ती परंपरा १८५४ मध्ये मोडली. गणित आणि नैसर्गिक तत्त्वज्ञान, म्हणजे आजच्या भाषेत भौतिकशास्त्र, या विषयांचे प्राध्यापक म्हणून दादाभाईंची नेमणूक झाली. त्या कॉलेजात हे पद मिळवणारे ते पहिले भारतीय.

म्हणजे ही नुसती चांगल्या पगाराची नोकरी नव्हती. आपली माणसंही हे काम करू शकतात, याचा तो पुरावा होता. विद्यार्थ्यांसाठी ते प्रोफेसर म्हणजे अभिमानाची गोष्ट.

बरं, कॉलेजच्या बाहेरही दादाभाईंचा पसारा मोठा होता. १८४९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या, त्यात मराठी मुलींसाठीही शाळा होत्या. हे तरुण स्वतः तिथे फुकट शिकवायचे. १८५१ मध्ये दादाभाईंनी 'रास्त गोफ्तार' हे गुजराती पत्र काढलं. १८५२ मध्ये नाना शंकरशेठ यांच्या पुढाकाराने बॉम्बे असोसिएशन उभी राहिली, त्यातही ते होते.

सगळं मस्त चाललं होतं. आणि १८५५ साल उजाडलं.

कामांची ऑफर

खरशेदजी कामा हे दादाभाईंचे मित्र. 'रास्त गोफ्तार'ला पैसा पुरवणारे तेच. कामा कुटुंबाचा व्यापार मोठा होता आणि त्यांना आता थेट इंग्लंडमध्ये पेढी उघडायची होती, लंडनला आणि लिव्हरपूलला. तोवर हिंदुस्थानातल्या कुठल्याही कंपनीने इंग्लंडमध्ये स्वतःची पेढी काढलेली नव्हती. या पेढीत भागीदार म्हणून येतोस का, असं कामांनी दादाभाईंना विचारलं.

आता बघा, तागडीत काय काय होतं.

एका बाजूला ठरलेला पगार, मोठ्या कष्टाने मिळालेलं आणि एकच वर्ष उपभोगलेलं पद, हाताने उभ्या केलेल्या शाळा, पत्र, संस्था. आणि आई, बायको.

दुसऱ्या बाजूला व्यापार, ज्याचा या गणिताच्या मास्तरांना अनुभव नव्हता. सुएझचा कालवा तेव्हा झालेला नव्हता, तो खुला झाला १८६९ मध्ये. म्हणजे आधी बोटीने सुएझला जायचं, तिथून जमिनीवरून अलेक्झांड्रिया गाठायचं आणि मग पुन्हा बोट. एकदा गेलं की सुट्टीला घरी येणं वगैरे प्रकार नाही.

आणि लोक काय म्हणणार? प्रोफेसर व्यापारी व्हायला निघाला! एल्फिन्स्टनमधल्या सहकाऱ्यांना तर ही सरळसरळ अधोगती वाटली.

व्यापारात पैसा होता, हे उघड आहे. पण दादाभाईंच्या डोक्यात अजून एक हिशोब चालू होता.

१८५३ च्या कायद्याने आयसीएसची भरती स्पर्धा परीक्षेने करायचं ठरलं होतं. कागदावर ती सगळ्यांना खुली होती, अगदी भारतीयांनाही. १८५५ मध्ये पहिली परीक्षा झाली. पण मेख अशी होती, की परीक्षा फक्त लंडनला! इथल्या हुशार पोराने समुद्र ओलांडायचा, अनोळखी शहरात राहायचं, तिथल्या पोरांशी टक्कर द्यायची. तिथे ना कुणी ओळखीचं, ना कुणी मार्ग दाखवणारं.

लंडनमध्ये आपलं एखादं माणूस कायमचं असेल तर या पोरांना आधार होईल. शिवाय भारताबद्दलचे मोठे निर्णय ज्या शहरात होतात, तिथे भारताची बाजू मांडणारं कुणीतरी हवं. मुंबईत राहून हे होणार नव्हतं.

दहा वर्षांपूर्वी वडीलधाऱ्यांनी रोखलं होतं. यावेळी निर्णय त्यांचा स्वतःचा होता. जून १८५५ मध्ये दादाभाईंनी मुंबई सोडली.

जिच्यासाठी गेले, ती पेढी तीन वर्षांत सोडली

तिकडे गेले आणि सगळं छान झालं, अशी ही गोष्ट नाही.

कामांच्या पेढीचा नफा अफू आणि दारूच्या धंद्यातूनही येत होता. तेव्हाच्या मुंबईत अफूचा व्यापार कुणाला फारसा खटकत नव्हता, कित्येक मोठी घराणी त्यावरच उभी राहिली होती. दादाभाईंना मात्र तो पैसा नको होता. १८५८ मध्ये त्यांनी पेढी सोडली.

म्हणजे बघा, प्रोफेसरकी गेली आणि ज्यासाठी ती सोडली ती भागीदारीही गेली.

तरी ते मुंबईला परत येऊन जुन्या खुर्चीच्या मागे लागले नाहीत. १८५९ मध्ये त्यांनी स्वतःची कापसाची कंपनी काढली आणि पुन्हा लंडन गाठलं. तिकडे १८५६ पासूनच ते युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये गुजरातीचे प्राध्यापकही होते, त्यामुळे शिकवणं पूर्ण सुटलं नव्हतं.

कंपनीचे काही दिवस चांगले गेले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पण १८६५ मध्ये युद्ध थांबलं आणि भाव कोसळले. मुंबईत एकापाठोपाठ एक पेढ्या बुडाल्या. या लाटेत दादाभाईंचा धंदाही बसला.

पैशाच्या हिशोबाने पाहिलं तर लंडनला जाण्याचा निर्णय फसला होता.

मग मिळवलं काय?

ज्या दुसऱ्या हिशोबासाठी ते गेले होते, तो मात्र एक दिवसही थांबला नव्हता.

आयसीएससाठी येणाऱ्या पोरांना ते मदत करायचे. सरकारने वयाची अट २३ वरून २२ वर आणली, त्यात एका पारशी उमेदवाराची संधी गेली. दादाभाईंनी ते प्रकरण लावून धरलं. १८६६ मध्ये त्यांनी ईस्ट इंडिया असोसिएशन स्थापन केली आणि भारताचे प्रश्न थेट इंग्रजांसमोर मांडायला सुरुवात केली.

आणि इथे गणिताचा प्रोफेसर कामाला आला. सरकारच्याच अहवालांतले आकडे घेऊन दादाभाईंनी भारतीय माणसाचं सरासरी उत्पन्न काढलं. उत्तर आलं वर्षाला २० रुपये. तुरुंगातल्या कैद्याच्या खाण्याकपड्यावर सरकार स्वतः याहून जास्त खर्च करत होतं! दरवर्षी भारतातून पैसा इंग्लंडला जातो आणि मोबदल्यात काही परत येत नाही, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. हाच तो संपत्तीच्या अपहरणाचा सिद्धांत. १९०१ मध्ये या विषयावरचं त्यांचं जाडजूड पुस्तक आलं.

मधल्या काळात अजून एक मोठी नोकरी चालून आली होती. १८७४ मध्ये मल्हारराव गायकवाडांनी त्यांना बडोद्याचं दिवाण केलं. पण दरबारातलं राजकारण आणि इंग्रज रेसिडेंटचा विरोध यात काम करणं अशक्य झालं. जानेवारी १८७५ मध्ये दादाभाईंनी तेही पद सोडलं.

१८८६ मध्ये ते ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. काळ्या माणसाला इंग्रज मतदार निवडून देणार नाहीत, अशा अर्थाचं विधान खुद्द पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनी केलं. त्याने उलटंच झालं, दादाभाईंचं नाव घराघरात पोहोचलं. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीमधून ते निवडून आले. मताधिक्य होतं अगदी मोजक्या मतांचं. नौरोजी नावाशी जुळवून लोकांनी त्यांना गमतीने 'नॅरो मेजॉरिटी' म्हणायला सुरुवात केली. संसदेत शपथ घेताना त्यांच्या हातात बायबल नव्हतं, खोर्देह अवेस्ता होता.

पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, आयसीएसची परीक्षा भारतातही एकाच वेळी घ्यावी असा ठराव हाऊस ऑफ कॉमन्समध्ये मंजूर झाला. सरकारने तो दाबून ठेवला. भारतात ही परीक्षा सुरू झाली ती थेट १९२२ मध्ये. ते बघायला दादाभाई नव्हते. १९०७ मध्ये ते कायमचे मायदेशी परतले, वर्सोव्याला राहिले आणि ३० जून १९१७ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आज प्रत्येक घरात कुणी ना कुणी जावं की राहावं या प्रश्नाशी झगडत असतं. पॅकेज किती, खर्च किती, शिल्लक किती, हे हिशोब करायलाच हवेत. दादाभाईंच्या बाबतीत हे सगळे हिशोब चुकले. पेढी सुटली, कंपनी बसली. पण आपण तिकडे कशासाठी चाललोय, याचं उत्तर त्यांच्याकडे बोटीत चढायच्या आधी तयार होतं आणि ते कुठल्याही एका नोकरीवर अवलंबून नव्हतं. म्हणून नोकरी गेली तरी त्यांचं तिथलं काम संपलं नाही.

सीएसएमटीवरून फ्लोरा फाउंटनकडे चालत जाताना ज्या रस्त्याला आपण सगळे डी. एन. रोड म्हणतो, तो यांच्याच नावाचा. पुढच्या वेळी तिकडून गेलात तर टोकाला त्यांचा पुतळाही बघून घ्या.