परक्या मुलांची आई

साने गुरुजी म्हटलं की ‘श्यामची आई’ आठवते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ती लिहिली. पण त्याआधीच गुरुजी परक्या मुलांची आई झाले होते.

शिक्षणासाठी त्यांचं घर लवकर सुटलं. आपल्या साताऱ्याकडच्या औंधलाही ते शिकले. १९१७ मध्ये आई गेली. १९२४ ला ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. मराठी शिकवत, पुढे वसतिगृहही सांभाळलं. मुलांना गोष्टींची आवड, गुरुजींनाही! ते रोज स्वतःच्या हाताने लिहून मुलांसाठी ‘छात्रालय’ दैनिक काढत. मुलांच्या खोल्या आवरण्यातही त्यांना कमीपणा वाटला नाही. १९३० मध्ये स्वातंत्र्यलढ्यासाठी त्यांनी नोकरी सोडली.

आमच्या वाळवा तालुक्यात घरापासून लांब राहून शिकणारी मुलं मला भेटतात. मार्क सगळेच विचारतात. तुला काय आवडतं, हे विचारणारं कुणी तरी हवं ना!