एर्विन म्युलर

एर्विन विल्हेल्म म्युलर (१३ जून १९११, बर्लिन – १७ मे १९७७, वॉशिंग्टन) हे जर्मन-अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ होते. धातूच्या टोकातून इलेक्ट्रॉन कसे बाहेर पडतात हे पडद्यावर दाखविणारा क्षेत्र-उत्सर्जन सूक्ष्मदर्शक त्यांनी १९३६ साली तयार केला. पुढे याच वाटेने जाऊन त्यांनी सुटा अणू डोळ्यांना दिसेल अशी सोय केली.

बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात ते गुस्ताव्ह हर्ट्झ यांचे विद्यार्थी होते. त्यानंतर ते सीमेन्स कंपनीच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. धातू तापविला की इलेक्ट्रॉन सुटतात, हे रेडिओच्या व्हॉल्व्हमुळे सर्वपरिचित होते. न तापविताही, केवळ तीव्र विद्युत क्षेत्राने ते ओढून काढता येतात, याची उपपत्ती फाउलर व नॉर्डहाइम यांनी १९२८ साली मांडली होती. ती पडताळण्यासाठी पृष्ठभाग गुळगुळीत आणि निर्मळ हवा. म्युलर यांनी टंगस्टनची सुई निर्वातात तापवून तिचे टोक घोटीव केले. टोकाची त्रिज्या मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी असल्याने काही हजार व्होल्टनेच तेथे दर मीटरला अब्जावधी व्होल्टचे क्षेत्र निर्माण होई. सुटलेले इलेक्ट्रॉन सरळ पडद्यावर आदळत आणि टोकाची लाखो पटींनी मोठी प्रतिमा उमटे. भिंगाची गरजच नव्हती. या उपकरणाचे खरे सौंदर्य हेच.

महायुद्धानंतरची काही वर्षे ओढगस्तीची गेली. १९५१ साली त्यांनी क्षेत्र-आयन सूक्ष्मदर्शक सिद्ध केला. यात सुई धनभारित असते आणि प्रतिमा इलेक्ट्रॉनांऐवजी वायूच्या आयनांनी उमटते. १९५२ मध्ये ते अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात गेले. तेथे ११ ऑक्टोबर १९५५ रोजी, अतिशीत केलेल्या टंगस्टनच्या टोकावरील अणू त्यांना व त्यांचे भारतीय विद्यार्थी कंवर बहादुर यांना दिसले. बहादुर यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसावे, ही खेदाची बाब आहे. १९६७ साली त्यांनी सहकाऱ्यांसह एकेक अणू सुटा करून ओळखणारे उपकरणही घडविले. नोबेल पारितोषिक त्यांना लाभले नाही. अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले, तेही मरणोत्तर.

म्युलर यांच्या सुईचे तत्त्व आज धातूंच्या ऑक्साइडांच्या नॅनोतारांच्या अभ्यासात उपयोगी पडते. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातही या विषयावर संशोधन झाले आहे. जस्ताची पूड नळीच्या भट्टीत तापवून तिच्या वाफेशी ऑक्सिजनचा संयोग घडविला, की भट्टीतील कमी तापमानाच्या भागात ठेवलेल्या पट्टीवर झिंक ऑक्साइडच्या तारा उगवतात. प्रत्येक तारेचे टोक ही एकेक सुईच असते. त्यामुळे तुलनेने कमी व्होल्टतेवर इलेक्ट्रॉन सुटू लागतात. तारा फार दाट उगवल्या, तर मात्र त्या एकमेकींच्या टोकांवरील क्षेत्र झाकतात आणि उत्सर्जन घटते.